आनुवंशिक, अनुवांशिक आणि जन्मजात

प्रश्न असा आहे: सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या एका माहितीपत्रकात तो एकदा 'अनुवांशिक', एकदा 'आनुवंशिक' आणि पुढे 'जन्मजात' म्हटला आहे. तिन्ही चालतात का?

पहिल्या दोहोंत 'आनुवंशिक' शुद्ध. मूळ शब्द 'अनुवंश'. त्याला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे इथे 'अ'चा 'आ' होतो. अनुषंग-आनुषंगिक, अध्यात्म-आध्यात्मिक तसेच हे. 'अनुवांशिक'मध्ये वृद्धी मधल्या 'वं'ला झाली आहे, बहुधा 'वांशिक' कानात बसल्यामुळे. पण 'वांशिक' म्हटले की वांशिक भेदभाव, वांशिक दंगली आठवतात. ती छटा इथे नकोच. विदर्भात आणि नंदुरबारकडे काही समाजांत सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून त्यावर जातीजमातीचा शिक्का मारायला लोक टपलेले असतात. प्रत्यक्षात तो आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठीही आहे. मलेरियाच्या प्रदेशांत या आजाराचे बदललेले जनुक (आईवडिलांकडून येणारा, गुणधर्म ठरवणारा घटक) टिकले, कारण जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असणाऱ्याला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते.

'जन्मजात'चे प्रकरण निराळे. शब्द शुद्ध आहे, पण तो फक्त 'कधीपासून' ते सांगतो. 'आनुवंशिक' हा 'कुठून' ते सांगतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ बहिरे जन्मू शकते. ते बहिरेपण जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे. उलट सिकलसेलचे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळून घेते. ते कमी होऊ लागले की त्रास सुरू होतो. 'जन्मजात' वाचलेली आई अशा बाळाकडे पाहून निर्धास्त राहील, ही मला खरी काळजी वाटते.

त्याच पत्रकात 'गुणसूत्रातील दोष' असेही आहे. इथे 'जनुकातील बदल' हवे. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून येते. एकेका गुणसूत्रावर शेकडो जनुके असतात. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेकदा 21 क्रमांकाचे अख्खे गुणसूत्रच जास्तीचे असते, तिथे गुणसूत्राचा उल्लेख योग्य. सिकलसेलमध्ये 11व्या गुणसूत्रावरचे, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे (म्हणजे त्याच्या एका भागाचे) एकच जनुक बदललेले असते.

'वंशपरंपरागत' हा शब्दही काही जण सुचवतील. तो मी टाळेन. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलेले काहीतरी सूचित होते, आणि मग 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' म्हणून तपासणी टळते. मूल आत्याच्या वळणावर गेले की ते सगळ्यांना दिसते. वाहकपण मात्र रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. एक प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक, सहसा निरोगी. दोन्ही प्रती तशा असतील तर आजार. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची शक्यता घटत नाही, ती दर वेळी तेवढीच.

पत्रकात मी असे लिहीन: 'सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. आईवडील निरोगी दिसत असले तरी दोघेही वाहक असू शकतात, म्हणून लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांनी रक्त तपासून घ्यावे.'