वाचकांचे प्रश्न : जमीन, घर आणि कागदावरचे नाव

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच अडचण आहे. कसायला जमीन आहे, राहायला घर आहे, पण कागद दुसऱ्याच्या नावावर आहे किंवा कागदच नाही. अशा कुटुंबाला पीककर्ज मिळत नाही आणि रस्त्यात जमीन गेली तर मोबदला भलत्याच खात्यात जमा होतो. त्यातले चार प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तिथे मुदती उलटून जाण्याचा धोका आहे.

प्रश्न : मी कळव्याला भाड्याने राहते, घरकाम करते. माहेरची जमीन मुरबाड तालुक्यात आहे. वडील २०११ साली वारले. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावे लागली, आईचे आणि माझे नाही. आता महामार्गाच्या रुंदीकरणात काही जमीन जाणार आहे म्हणतात. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे. ‘लग्नात तुझ्यावर खर्च केला, तोच तुझा हिस्सा,’ असे त्याचे म्हणणे आहे. माझा हक्क उरला आहे का?

ताई, हक्क पूर्ण आहे. लग्नातला खर्च किंवा हुंडा म्हणजे जमिनीतला हिस्सा नव्हे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी आई, भाऊ आणि तुम्ही समान वारस आहात. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप झाले असेल, तर ते या दुरुस्तीने मोडत नाही. तसा दस्त आहे का, हे भावाला विचारा.

सही सध्या करू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की ते मागे घेता येत नाही. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊन दस्त रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ‘फक्त मोबदल्यासाठी सही हवी’ असे सांगून सगळ्या गटांचे हक्कसोड लिहून घेतले जाते. म्हणून पुढे कधी सही करायचीच झाली, तर दस्तातले गट क्रमांक आणि क्षेत्र एकेक करून वाचून घ्या.

आता कागद काढा. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे नोंदीतल्या बदलांचे क्रमांक, असतात. त्यातला वडिलांच्या वारसनोंदीचा क्रमांक शोधा आणि त्या फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ ची, नक्कल मागा. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्येही असते. चूक यापैकी एका जागी सापडेल.

वारसांच्या प्रतिज्ञापत्रातच मुलींची नावे दिलेली नसतात, हे सर्वांत जास्त आढळते. दुसरा प्रकार असा की बहिणींची नावे कब्जेदार, म्हणजे मालकाच्या, सदरात न घेता ‘इतर हक्क’ सदरात टाकलेली असतात. उतारा वरवर पाहिला तर नाव दिसते आणि समाधान होते, पण मोबदला आणि कर्ज कब्जेदार पाहून ठरते. तिसरा प्रकार थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले असण्याचा. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकट्याचे नाव, बाकीचे वारस कागदावर नाहीत. शेवटचे दोन प्रकार दुरुस्त करायला तहसीलदारांकडे अर्ज करा. २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर झाली. तेव्हा तुमच्या खात्यावर काही नवी नोंद झाली का, तेही याच वेळी पाहा.

फेरफार अजून प्रमाणित, म्हणजे अधिकाऱ्याने मंजूर केलेला, नसेल, तर नोटिशीपासून १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हरकत आली की नोंद तक्रारी होते, ६-अ च्या नोंदवहीत जाते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. तोंडी हरकतीची नोंदच राहत नाही.

तुमची नोंद जुनी आहे, त्यामुळे ती बहुधा प्रमाणित झालेली असेल. तसे असल्यास महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे लागेल. त्याची मुदत ६० दिवसांची आणि ती उलटून गेली आहे, म्हणून विलंब माफीचा वेगळा अर्ज सोबत जोडा. ‘मला नोटीस मिळाली नव्हती, फेरफाराची नक्कल अमुक तारखेला मिळाली तेव्हा कळले,’ हे त्यात तारखेसह लिहा. विलंबाचे कारण नीट न लिहिल्यामुळे चांगली अपिले पहिल्याच पायरीवर फेटाळली जातात.

मोबदल्याचे काम मात्र अपिलाच्या निकालापर्यंत थांबवू नका. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात पहिल्या अधिसूचनेपासून २१ दिवसांत संपादनावर हरकत घेता येते. पैशाच्या वाटणीवर वाद असेल तर तो कलम ३-एच खाली न्यायालयाकडे पाठवता येतो. भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याला आजच लेखी कळवा : मी वारस आहे, वारसनोंदीवर अपील करत आहे, माझ्या हिश्श्याची रक्कम वाटू नये. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला आणि तुमचे माहेरचे नाव दाखवणारा शाळेचा दाखला जोडा. पैसे एकदा वाटले गेले की ते परत मिळवायला वर्षे जातात.

फेरफारामुळे मालकी ठरत नाही. हिस्सा वेगळा हवा असेल किंवा भावाने हक्कच नाकारला, तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयातच करावा लागतो. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, अर्ज तिथे द्या. आईचे नावही याच अपिलात घ्या. तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे.

प्रश्न : पती हयात असताना त्यांच्या शेतजमिनीवर पत्नीचे नाव लावता येते का? बक्षीसपत्राचा खर्च झेपणार नाही.

लावता येते, आणि बक्षीसपत्राची गरज नाही. १९९२ च्या शासन निर्णयाने लक्ष्मी मुक्ती योजना आली. पतीने स्वखुशीने तलाठ्याकडे साध्या कागदावर अर्ज करायचा, मग पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. मुद्रांक नाही, नोंदणी नाही. कार्यालयात ‘दस्त आणा’ म्हणाले, तर अर्जात योजनेचे नाव लिहून लेखी उत्तर मागा. नाव कब्जेदार सदरातच लागले आहे ना, हे नोंद झाल्यावर पाहा. जमीन भावांमध्ये सामाईक असेल तर पतीच्या हिश्श्यापुरतेच नाव लागेल. पीएम किसानचे पैसे यामुळे दुप्पट होत नाहीत, कारण पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एकच कुटुंब धरले जाते. तरीही हे जरूर करा. पतीच्या पश्चात दीराच्या दारात वारसनोंदीसाठी उभे राहण्याची वेळ टळते.

प्रश्न : आम्ही शहापूर तालुक्यातले ठाकूर. वनजमिनीवर आजोबांपासून नाचणी-वरी करतो, सुमारे दोन एकर. वनहक्काचा दावा केला होता. ‘अपात्र झाला’ असे तोंडी सांगितले, कागद दिला नाही. आता जागा सोडा म्हणतात.

तोंडी ‘अपात्र’ला कायद्यात किंमत नाही. दावा फेटाळला तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि दावेदाराला कळवावे लागते. दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही, असे वनहक्क कायद्याचे कलम ४(५) सांगते. हे कलम लिहून वनपरिक्षेत्र अधिकारी आणि प्रांताधिकारी दोघांनाही अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.

त्यानंतर वनहक्काच्या उपविभागीय समितीकडून निर्णयाची प्रत मागा. माहितीच्या अधिकारात संपूर्ण फाईल मागवली तर जास्त बरे. ग्रामसभेचा ठराव, स्थळपाहणीचा पंचनामा आणि मोजणीचा नकाशा त्यात आहे का, हे पाहायचे. बरेच दावे पुराव्याअभावी नाकारले जातात, पण मुळात पाहणीच झालेली नसते.

आदिवासी दावेदाराला दोनच गोष्टी दाखवायच्या असतात : तो अनुसूचित जमातीचा आहे, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन त्याच्या ताब्यात आहे. ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे, तुम्हाला नाही. ही गल्लत करून आदिवासींचे दावे फेटाळले गेले असतील, तर अपिलात पहिला मुद्दा हाच घ्या.

पुरावे किमान दोन लागतात. वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या आणि वनगुन्ह्याच्या नोंदी लोक भीतीने लपवतात किंवा फाडून टाकतात. पण २००५ पूर्वीची दंडाची पावती म्हणजे तेव्हा जमीन तुम्हीच कसत होता, याचा वनखात्याने स्वतः दिलेला पुरावा. ती शोधा. बांध, विहीर, जुनी झाडे, पूर्वजांची स्मशानाची जागा या खुणा पंचनाम्यात लिहून घ्या. पाड्यातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, मात्र तो माणूस स्वतः त्या दाव्यातला दावेदार नसावा.

अपिलाची वाट अशी आहे. ग्रामसभेच्या ठरावावर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे. लेखी निर्णय उशिरा हाती आला तर तो मिळालेली तारीख अर्जात स्पष्ट लिहा. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे जिल्हा समितीनंतरही मार्ग आहे : २०२० च्या अधिसूचनेनुसार विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. दावा पुन्हा ग्रामसभेकडे आला तर गणपूर्ती सांभाळा. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. हे हजेरीपत्रक कच्चे असले की ठराव पुढे टिकत नाही.

कायद्याने कमाल ४ हेक्टरपर्यंत क्षेत्र मान्य होते, पण प्रत्यक्ष ताब्याइतकेच मिळते. मोजणीच्या दिवशी चारही हद्दींवर स्वतः फिरा. दोन एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचे प्रमाणपत्र पडते ते मोजणीला कोणी हजर नव्हते म्हणून. पती-पत्नी दोघांचीही नावे प्रमाणपत्रावर हवीत, तसे कायद्यातच आहे. ही जमीन वारसांना मिळते, पण विकता येत नाही. फार्महाऊससाठी विचारणा करणाऱ्या दलालाच्या कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका.

प्रश्न : घणसोली गावात चौथ्या मजल्यावरची खोली नोटरी करून मिळते आहे. वीजमीटर आणि घरपट्टी नावावर करून देतो म्हणतात. घ्यावी का?

घेऊ नये. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढे सांगते. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. नुसता करार, कुलमुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठामपणे सांगितले आहे. घरपट्टी म्हणजे कर भरल्याची पावती आणि वीजबिल म्हणजे वीज वापरल्याचे बिल. अनधिकृत इमारतीलाही दोन्ही मिळतात.

नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. जुन्या गावठाणाच्या हद्दीबाहेर उभी असलेली बरीच घरे आज संपादित जमिनीवर आहेत. प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचे शासन निर्णय झाले आहेत, पण ते मूळ प्रकल्पग्रस्तांसाठी आहेत. नोटरीवर खोली घेणाऱ्याला त्यातून काही मिळेल असे धरून चालू नका. २०१५ नंतर दिघ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा आयुष्यभराची पुंजी घालून खोल्या घेतलेली माणसे रस्त्यावर आली.

विकणाऱ्याकडे मागायचे ते असे : गावठाणातली जागा असल्यास मिळकत पत्रिका, सिडकोची असल्यास भाडेपट्टा, महापालिकेचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. नवे बांधकाम आठपेक्षा जास्त घरांचे आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचे असेल तर महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा, क्रमांकही. यातले एकही दाखवता येत नसेल, तर दर स्वस्त का आहे ते कळले.

तूर्त भाड्यानेच राहा, पण भाडेकरार नोंदणीकृत करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेचा आकडा करारात लिहिलेला हवा आणि ती बँकेतून द्या. ‘हेवी डिपॉझिट’ रोख देऊन कोरा करार करणाऱ्यांच्या हाती घर सोडताना पैसे मागायला काहीच पुरावा राहत नाही. खोली आधीच घेतली असेल, तर नोटरीचा मूळ कागद, बँकेचे व्यवहार, वीजबिले आणि करपावत्या तारीखवार लावून ठेवा आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा. फसवणुकीची तक्रार करायची झाल्यास याच कागदांवर ती उभी राहील.