खातं पुसलंत, पण 180 दिवस अजून संपलेले नाहीत

प्रश्न: गच्चीवरच्या भाजीपाल्याबद्दलचा एक ऑनलाइन गट मी बरीच वर्षं चालवत होते. गणपतीत कुणीतरी माझं नाव आणि फोटो लावून खातं उघडलं आणि 'मुलाचं तातडीचं ऑपरेशन आहे' असं सांगून सदस्यांकडे यूपीआयवर पैसे मागितले. सात-आठ जणांनी पाठवलेही. आम्ही कितीतरी जणांनी ते खातं रिपोर्ट केलं, तर 'आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही' एवढं ठरावीक उत्तर आलं. संताप आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गट बंद केला आणि माझं खातं कायमचं काढून टाकलं. यांच्याकडे माझं काही राहूच नये, असं वाटलं. दिवाळीच्या आधी ते बनावट खातंही दिसेनासं झालं. आता एक सदस्य म्हणतात, 'ॲडमिन तुम्ही होतात, तुमच्यावरच केस टाकतो.' कंपनीने आमची माहिती विकली असणार, नाहीतर चोराला सगळ्यांची नावं कुठून मिळाली? नव्या डेटा कायद्याखाली कंपनीकडून भरपाई मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, तुमच्यासारखी पत्रं आता इतकी येतात की 'हा गुन्हा आहे का' याचं उत्तर लिहायचं मी सोडून दिलं आहे. आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66-सी (ओळख चोरणं) आणि 66-डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं) ही कलमं याचसाठी आहेत, शिवाय भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची कलमं लागतील ती वेगळीच. तिथे वाद नाही.

वाद आहे तो तारखांचा. 'नव्या डेटा कायद्याखाली' हे शब्द तुम्ही अधोरेखित केलेत. मी अधोरेखित केले ते 'गणपतीत' आणि 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी' हे शब्द.

66-सी, 66-डीसारख्या तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला तीन वर्षांची मुदत असते. बहुतेक लोक तेवढंच ऐकतात आणि निवांत होतात. पण चोर कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, आला, खातं उघडताना त्याने कोणता मोबाइल नंबर दिला, हे सांगणाऱ्या नोंदी तीन वर्षं कुणी सांभाळत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग, म्हणजे वापराच्या या नोंदी, 180 दिवस ठेवायचे असतात, आणि तेही सरकते: आजची नोंद आली की 181 दिवसांपूर्वीची गेली तरी चालते. 2021 च्या आयटी नियमांत नियम 3(1)(एच) आहे. खातं बंद झालं, तरी नोंदणीच्या वेळी घेतलेली माहिती त्यापुढे 180 दिवस जपून ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यानंतर ती पुसली, तर हा नियम तिला काही विचारत नाही.

आता पंचांग काढा. गणपतीत चोराने जे लॉगिन केलं, त्याचे 180 दिवस होळीच्या आधीच भरतात. तुमच्या स्वतःच्या खात्याचे, म्हणजे दसऱ्यापासूनचे, रामनवमीच्या मागेपुढे. बनावट खात्याच्या नोंदणीचे त्याहून थोडे पुढे जातील, पण ते नेमकं कधी बंद झालं हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. संक्रांत होऊन गेली. तुमच्याकडे महिना आहे, आणि त्यातले पंधरा दिवस पोलीस ठाण्यात जातील असंच धरून चाला.

थोडं कडू बोलतो. या कंपन्यांवर तुमचा विश्वास नाही, हे मला पटतं. व्हॉट्सॲपच्या 2021 च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये तिच्या मालक कंपनीला, मेटाला, 213.14 कोटी रुपयांचा दंड केला, तो काही उगाच नव्हे. पण अविश्वासापोटी तुम्ही पुसलंत काय? स्वतःचा पुरावा. रिपोर्ट कोणत्या तारखेला केला, उत्तर काय आलं, गटावर सदस्यांना सावध करणारी सूचना केव्हा टाकली, हे सगळं त्या खात्यात होतं. काढण्याआधी माहितीची प्रत उतरवून घ्यायची सोय मोठ्या मंचांवर असते. ती घेतली नाहीत. ज्या कंपनीकडे आपलं काही राहू नये असं तुम्हाला वाटलं, तिच्याच कपाटात आता तुमच्या चोराचं नाव आहे, आणि त्या कपाटाची किल्ली फक्त पोलिसांना मिळते.

म्हणून पहिलं काम तक्रारीचं. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर नोंद कराच, पण तिथला पोच क्रमांक हातात आला म्हणजे एफआयआर झाला असं समजू नका. सायबर पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जा. अर्जात हकिगत दीड पानात आटपा आणि शेवटी स्वतंत्र परिच्छेदात स्पष्ट मागणी लिहा: 'सदर बनावट खात्याची नोंदणी माहिती, लॉगिनच्या नोंदी आणि आयपी पत्ते जतन करून ठेवण्याबाबत संबंधित कंपनीस तातडीने कळवावे.' हा परिच्छेद कुणीच लिहीत नाही. माहिती रीतसर मागवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 94 आहे, त्याला वेळ लागतो. जतन करा असं सांगायला एक ईमेल पुरतो. बहुतेक मोठ्या कंपन्या असं पत्र आलं की नोंदी साधारण 90 दिवस बाजूला काढून ठेवतात. तेवढ्यात बाकीचे कागद होतात.

कंपनी ती माहिती देईल का? नोंदणी आणि आयपी पत्ते बहुधा देईल. अधिकृत यंत्रणेने लेखी मागितल्यावर 72 तासांत सहकार्य करावं, असं आयटी नियम म्हणतात. संदेशांचा मजकूर परदेशातल्या सर्व्हरवर असला, तर मात्र दोन देशांमधल्या कायदेशीर मदतीच्या रस्त्याने जावं लागतं आणि तो रस्ता फार लांबचा आहे. त्याची आशा धरू नका, गरजही नाही. मजकूर सदस्यांच्या फोनमध्ये आहे.

आणि तो नीट घ्या. तुम्ही पत्रासोबत पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. वर बॅटरी 12 टक्के, खाली अर्धवट कापलेलं तुमचं नाव, मध्ये तुमचाच फोटो. कामाची एकमेव गोष्ट, म्हणजे त्या प्रोफाइलची लिंक, त्यात नाही. दर्शनी नाव चोर दिवसातून दहा वेळा बदलू शकतो. लिंकमध्ये असलेल्या खात्याच्या क्रमांकावरून किंवा युजरनेमवरून कंपनी खातं शोधते. 'अमुक ताईंच्या नावाचं बनावट खातं' एवढ्यावर पोलिसांच्या पत्राला 'खातं सापडत नाही' असं उत्तर येतं आणि फाइल मिटते. ज्या सदस्यांना पैशांचे संदेश आले, त्यांना आजच कळवा: ते संभाषण पुसू नका, ती लिंक मिळते का पाहा, आणि तो फोन सध्या फॉरमॅट करू नका की एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका. ज्याच्या फोनमधून पुरावा काढला, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) खालचं प्रमाणपत्र द्यावं लागेल. त्याचे आता दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायचं असतं. कागद कंटाळवाणा आहे. पण जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओच्या अशाच प्रमाणपत्रावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींना त्यावर निकाल द्यावा लागला. तेव्हा जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65-बी होतं, आज आकडा बदलला आहे, आग्रह तोच आहे.

पैसे पाठवणाऱ्यांनी आपापली तक्रार वेगळी करायला हवी. त्यांच्या वतीने तुम्ही करून भागणार नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन केला असता, तर रक्कम वाटेत गोठवता आली असती. आता ती परत मिळेल असं मी सांगणार नाही. तरी यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवायला सांगा. बँकांना मनी लाँडरिंगविरुद्धच्या कायद्याखाली व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्याच लागतात, त्यामुळे लॉग गेले तरी पैशाचा माग उरतो. फक्त तो माग बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या खात्याच्या दारात जाऊन थांबतो.

तुमच्यावर केस टाकू म्हणणाऱ्या सदस्याची काळजी सोडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनबाबत सांगितलं आहे की समान उद्देश दाखवल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तुमच्या बाबतीत तर मजकूर सदस्याचाही नाही. मात्र पोलीस तुम्हाला विचारतील, 'ताई, तुम्ही खातं का पुसलंत?' आणि याचं उत्तर तक्रारीत आधीच दिलेलं असू द्या. फसवणूक झाल्यावर खातं काढून टाकणारा माणूस तपास अधिकाऱ्याला एरवी दुसऱ्याच बाजूचा वाटतो.

आता भरपाई. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर आणखी 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तुमची घटना त्याआधीची. आणि लागू झाला तरी? वर्तमानपत्रात 250 कोटींच्या दंडाचा आकडा वाचून लोक खूश होतात, पण तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. तुमच्या हातात त्यातला रुपया येत नाही. उलट, नुकसानभरपाई देणारं आयटी कायद्याचं 43-ए हे जुनं कलम याच कायद्याने रद्द होणार आहे. तोवर ते जिवंत आहे, आणि त्याखाली मंत्रालयात न्यायनिर्णय अधिकारी असलेल्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे दावा करता येतो. पण त्या कलमाला 'संवेदनशील' माहिती लागते: पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक. नाव आणि फोटो त्यात बसत नाहीत. माझ्या मते हा दावा लंगडा आहे. दुसरा वकील वेगळं सांगू शकेल.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा पुट्टस्वामी निकाल आहे, हेही तुम्ही लिहिलंत. खरंच आहे. पण तो हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागितला जातो. खासगी कंपनीविरुद्ध तो कितपत चालतो, यावर चर्चा सुरू आहे आणि ती तुमच्या खर्चाने पुढे न्यायची काही गरज नाही.

'माहिती विकली असणार' हे वाक्य तर तक्रारीत चुकूनही घालू नका. तुमचा गट सार्वजनिक होता का? पत्राच्या मागच्या पानावर तुम्हीच लिहिलंय, 'कुणालाही सहज सापडावा म्हणून खुला ठेवला होता.' तिथे कोण लिहितं, कोण तुम्हाला ताई म्हणतं, कुणी तुमच्या मुलाची चौकशी केली, हे कुणालाही बसल्या जागी वाचता येत होतं. चोराला काही विकत घ्यावं लागलं नाही. पुराव्याशिवाय कंपनीला आरोपी केलंत, की प्रकरण 'मोठ्या कंपनीविरुद्धचं' होतं, ठाण्यात कुणाला ते नको असतं आणि अर्ज चौकशीत पडून राहतो. तक्रारीत कंपनी यावी ती फक्त नोंदी जिच्या ताब्यात आहेत अशी म्हणून.

रिपोर्टचं बटण दाबणं म्हणजे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करणं नव्हे, हेही सांगून टाकतो. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता कंपनीला जाहीर करावा लागतो, त्याने 24 तासांत पोच द्यायची असते, आणि त्याच्या उत्तरावर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. तुम्ही त्याच्याकडे कधी गेलाच नाहीत, म्हणजे ती 30 दिवसांची मुदत सुरूही झालेली नाही. एक ईमेल पाठवून ठेवा, नोंदी जपून ठेवा असं त्यातही लिहा. तो तुम्हाला चोराचा आयपी पत्ता देणार नाही. पण उद्या 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं कंपनीला म्हणता येणार नाही.

ठाण्यात एफआयआर घ्यायला टाळाटाळ झाली, तर पोलीस आयुक्तांना स्पीड पोस्टने अर्ज, आणि मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तिथे काय होतं ते मी रोज पाहतो: पोलिसांचा से (लेखी म्हणणं) मागवला जातो, से येत नाही, तारीख पडते, पुढच्या तारखेला साहेब रजेवर असतात. तुमचे 180 दिवस तारखांवर संपून जातील. म्हणून आयुक्तांच्या अर्जातही नोंदी जतन करण्याची तीच मागणी पुन्हा लिहा. एफआयआरचं भांडण मग सावकाश चालू द्या.

ठाण्यात 'एनसी करून देतो' (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. 66-सी आणि 66-डी दखलपात्र आहेत, आणि त्यांचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका, आणि जतनाचा ईमेल कोणत्या तारखेला गेला हे तपास अधिकाऱ्याकडून विचारून प्रतीच्या मागे लिहून ठेवा.