गाडीतच राहा, पण पुळणीवर नको: कोकणातल्या कॅम्परव्हॅनचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नवराबायको पुण्यात असतो, ह्या जानेवारीत पहिल्यांदाच दोघांना एकत्र आठ दिवस सुट्टी मिळतेय. भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय, रात्री बीचवरच गाडी लावायची आणि सकाळी दार उघडलं की समोर समुद्र, एवढीच हौस आहे. रील्समध्ये सगळे तसंच करताना दिसतात. तर बीचवर गाडी नेता येते का, फेरीबोटीत एवढी मोठी गाडी घेतात का, आणि टॉयलेटचं काय करायचं? सासूबाई म्हणतायत हॉटेलं काय ओस पडलीत का. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: हौस मस्त आहे, जरूर जा, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पण बीचवर गाडी अजिबात न्यायची नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. ओहोटीला ओली वाळू टणक दिसते म्हणून लोक गाडी घालतात, चाक फिरलं की ती वाळू सैल होते, गाडी रुतते, आणि मग जेसीबी येईपर्यंत भरती येते. खारं पाणी ब्रेकमध्ये, वायरिंगमध्ये गेलं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, शिवाय पोलीस गुन्हा नोंदवतात ते वेगळंच. आणि गाडीचं जाऊ द्या, नोव्हेंबर ते मार्च म्हणजे नेमका तुमच्या सुट्टीचा काळ हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येऊन अंडी घालतात तो काळ. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी घरटी राखायला सुरुवात केली, पुढे आंजर्ल्यासारख्या गावांतही हे काम उभं राहिलं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर आपण एका रात्रीत चाकं फिरवायची का? हेडलाइटचं, व्हॅनच्या बाहेरच्या दिव्यांचं तर अजून वाईट, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्र राहतो मागे आणि ती येतात रस्त्याकडे.

मग गाडी लावायची कुठे? कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. कोकणात घरगुती राहायची सोय करणारी घरं गावोगाव आहेत, त्यांना आधी फोन करून विचारायचं, "काका, खोली नको, गाडी उभी करायला जागा, न्हाणीघर-संडास वापरायला आणि रात्रीचं जेवण, किती घ्याल?" बहुतेक जण हो म्हणतात आणि जेवणाचे पैसे मिळाले की त्यांनाही बरं वाटतं. समुद्र चार पावलांवर असतोच, माडांमधून चालत जायचं, सकाळचा चहा तिकडे घेऊन जा हवा तर. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, तेव्हा एमटीडीसीच्या रिसॉर्टवरही विचारा, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली हे सगळं तुमच्या वाटेवरच आहे.

आता फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड ह्या तुमच्या वाटेवरच्या चार मोठ्या खाड्या, आणि बोट चुकली तर वळसा साधासुधा नाही, दाभोळचा वळसा थेट चिपळूणवरून पडतो. गाडी घेतात, पण आधी फोनवर लांबी-उंची सांगून ठेवा. अडचण बोटीत जागेची कमी आणि धक्क्याच्या उताराची जास्त. व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो, ओहोटीला बोट खाली जाते, फळी तिरकी लागते, उताराचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि तिथेच बंपर किंवा खालची पाण्याची टाकी घासते. म्हणून मोठ्या गाडीने भरतीच्या आसपास चढावं. काही वेळा रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, तेव्हा एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि बोटीवरचा माणूस सांगेल तसंच ऐकायचं, दोघांनी दोन सूचना द्यायच्या नाहीत. गॅसची टाकी आधीच बंद करून ठेवा.

भरती कधी हे बघायला ॲप लागत नाही, किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून सांगतात. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच, दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. थोडं मागेपुढे होतं पण बोटीचा बेत करायला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, त्या दिवसांत धक्क्यावर ओहोटीला जाऊच नका.

टॉयलेटबद्दल तुम्ही विचारलंत ह्याचा खूप आनंद झाला, कारण हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग रात्री कुठल्यातरी वहाळात टाकी उपडी करून मोकळे होतात. कोकणात जमीन जांभ्याची, जांभा सच्छिद्र, वर टाकलेलं खाली झिरपतं आणि गावाची विहीर तिथेच असते. त्यामुळे टाकी फक्त सेप्टिक टँक असलेल्या ठिकाणी, मालकाला विचारून रिकामी करायची, आणि आत केमिकल घातलं असेल तर तेही सांगायचं, कारण सेप्टिक टँकमधले जंतू त्याने मरतात. माझं मत विचाराल तर गाडीतलं टॉयलेट फक्त रात्रीच्या अडीअडचणीला ठेवा, बाकी यजमानांचं वापरा. भांडी घासलेलं पाणीसुद्धा माडाच्या आळ्यात टाकू का असं विचारून टाका. आणि टाकी भरून घेतानाही विचारा, पाऊस एवढा पडूनही उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांना टँकर लागतो.

आठ दिवसांत अलिबाग ते वेंगुर्ला नका करू, हे मनापासून सांगते. नकाशावर 30 किलोमीटर दिसतात पण रस्ता वाडीतून जातो, दोन्ही बाजूला गडगे म्हणजे दगडी कुंपणं, वर वायरी आणि फणसाच्या फांद्या, समोरून एसटी आली की तुम्हालाच मागे घ्यावं लागणार. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. दापोली आणि गुहागर हे दोनच तालुके नीट करा: केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव, मग दाभोळहून पलीकडे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. डिझेल तालुक्याच्या गावी भरून घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना नंबरप्लेट बघा, स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, पांढरी पाटी असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा मिळायची मारामार.

प्रश्न: जुनी ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये स्वतःच व्हॅन बनवून घेतली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर: आरटीओला न विचारता नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीच्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. आधी आरटीओत जा, मग सुताराकडे.

प्रश्न: आम्ही दोघंही साठीच्या पुढचे आहोत, कोकणातला दमटपणा सोसत नाही, रात्रभर गाडीतला एसी लावून झोपलो तर चालेल ना? (सांगली)

उत्तर: काका-काकू, इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, झोपेत कळतही नाही. 2024 च्या डिसेंबरात केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली, जनरेटरचा धूर आत आला होता. डोकं जड होणं, मळमळणं, उगाच गुंगी येणं असं काही वाटलं तर दार उघडून आधी बाहेर या, कारण नंतर शोधा. एसी हवाच असेल तर ज्यांच्या खळ्यात गाडी उभी आहे त्यांच्याकडून वीज घ्या, पण मीटर आणि वायरिंग तेवढा लोड घेईल का हे आधी विचारा आणि युनिटचे पैसे द्या. नाहीतर डिसेंबर-जानेवारीत जा, रात्री हवा बरी असते, खिडक्यांना डासांची जाळी आणि बॅटरीवरचा पंखा पुरतो. गाडीत गॅसवर स्वयंपाक करतानाही एक खिडकी आणि वरचं झाकण उघडं ठेवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो उशाजवळ लावा, निघायच्या आधी घरी बटण दाबून वाजतोय का बघून घ्या.