ऑपरेटिंग सिस्टीम, अपस् आणि कारभारी

प्रश्न असा आहे: ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजे विंडोज, अँड्रॉइड यांसारख्या मूळ प्रोग्रामला, मराठीत 'कार्यप्रणाली' म्हणावं की 'संचालन प्रणाली', आणि मोबाइल रिपेअरवाले 'सॉफ्टवेअर मारावं लागेल' म्हणतात ते म्हणजे हेच का?

दुसरं आधी घेतो, ते ऐकून ऐकून डोकं उठलंय. हो, ते बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीमच नव्याने टाकत असतात, पण सॉफ्टवेअर म्हणजे सगळंच की, व्हॉट्सअॅपही सॉफ्टवेअरच. आणि 'फॉरमॅट मारून विंडोज टाकतो' मधला फॉरमॅट तर फक्त डिस्क साफ करून मांडणी लावून देतो, तरी लोक 'फॉरमॅट मारला' म्हणजे विंडोज आलीच असं धरून चालतात आणि मग फोटो गेले म्हणून रडत बसतात.

आता मूळ शब्द. ऑपरेटिंग सिस्टीममधलं 'ऑपरेटिंग' समजायला आधी ऑपरेटर बघा, हाडामांसाचा माणूस. १९५०च्या सुमारास कॉम्प्युटर खोलीभर असायचा, ऑपरेटर पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा लावायचा, टेप चढवायचा, छापील कागद काढून घ्यायचा, आणि एक काम संपून दुसरं लागेपर्यंत ते महागडं मशीन नुसतं बसून. म्हणून १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरसाठी असा प्रोग्राम लिहिला की एक काम संपलं की पुढचं आपोआप सुरू. म्हणजे ऑपरेटरचं काम ऑपरेटरकडून काढून मशीनलाच दिलं. अशा प्रोग्रामांना मॉनिटर, सुपरवायझर अशीही नावं होती, पुढे १९६४ मध्ये आयबीएमने ओएस/३६० जाहीर केली तेव्हा 'ओएस', म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, नावातच आलं.

आणि ऑपरेटर आला लॅटिन 'ओपस' म्हणजे काम यावरून, ज्याचं अनेकवचन 'ऑपेरा', तोच गाण्याचा ऑपेरा. पण खरी गंमत पुढे आहे. ओपसचा सख्खा भाऊ वेदात बसलाय: अपस्, अर्थ काम, कर्म. पाण्याच्या 'आपः'शी त्याचा घोळ घालू नका. निघंटूत, म्हणजे वेदातल्या शब्दांच्या जुन्या कोशात, कर्माच्या नावांची यादी आहे ती 'अपः, अप्नः' इथूनच सुरू होते! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो. 'ऑपरेट' हा 'व्यापार' वरून आला असं छातीठोक सांगणारे लोक नुसता आवाज जुळला की नातं जोडतात, त्यांनी निघंटू उघडून बघावा.

'कार्यप्रणाली' मला अजिबात मान्य नाही, कोशात असो नाहीतर पाठ्यपुस्तकात. 'कंपनीची कार्यप्रणाली' म्हणजे काम करायची पद्धत, हा अर्थ मराठीत आधीच पक्का बसलाय, तिथे दुसरा भाडेकरू कशाला? 'संचालन' त्यातल्या त्यात बरं, पण त्यात नुसतं चालवणं येतं, आणि ऑपरेटिंग सिस्टीम ही बाई नुसतं चालवत नाही. प्रोसेसर कोणाला किती मिलिसेकंद, मेमरी कोणाला किती, कुठली फाइल कोणी उघडायची, प्रिंटरवर आधी कोणाचं, हे सगळं वाटप तिचं. ब्राउझर अडकतो, माउस फिरतो पण काही उघडत नाही, तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे अडकलेला प्रोग्राम बंद करायची खिडकी, उघडता येतो, तो कसा? कारण अडकलेल्या प्रोग्रामला प्रोसेसर कायमचा दिलेलाच नसतो, टायमर वाजला की ताबा परत ओएसकडे. शिवाय एकाला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू देत नाही, म्हणून ब्राउझर मेला तरी शेजारची एक्सेल शीट जिवंत राहते. हे नसेल तर एका फडतूस गेमने अख्खं मशीन आडवं केलं असतं.

आणि या कामाला मराठीत शब्द आहे: कारभारी. मालक नाही, पण किल्ल्या त्याच्याकडे, हिशोब त्याच्याकडे, भांडणं तोच मिटवणार. सवाई माधवरावांच्या काळात पेशवाईचा कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता तो याच अर्थाने. मी 'कारभार प्रणाली' लिहितो. 'कार' फारसी आहे म्हणून यावर नाक मुरडणारे आहेत, त्यांना एवढंच सांगतो की फारसी 'कार' आणि संस्कृत 'कृ' एकाच मुळातून फुटलेत, तेव्हा परकं म्हणून हाकलायचं कोणाला?