नाव खोडलं म्हणजे झालं का?

प्रश्न : लातूरला छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आहे, आम्ही पाच जण, दवाखान्यांसाठी बिलिंग आणि पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर बनवतो. सर म्हणायलेत की एआय एजंट लाव, बग म्हणजे कोडमधल्या चुका तोच काढतो, आणि त्याला खरा डेटा पाहिजे म्हणून पेशंटचा अख्खा बॅकअप फोल्डरात टाकलाय. मी नावं आणि मोबाईल नंबर खोडलेत. आता चालतंय ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही चालत. एजंट म्हणजे नुसता गप्पा मारणारा चॅटबॉट नाही, तो फोल्डर उघडतो, फायली वाचतो, कमांड चालवतो, टेस्ट फेल झाली की कोड बदलून परत चालवतो, आणि हे करताना जे वाचतो ते बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या एआय मॉडेलकडे जातं. तुम्ही सांगितलं बिलाची बेरीज चुकायलीय तेवढी बघ, आणि तो शोधता शोधता बॅकअप उघडून बसला, तर त्याला काय बोलणार, फाईल तुम्हीच ओसरीवर ठेवली होती.

राहिलं नाव खोडणं. लतान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेनं २००० साली दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली साधारण ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येतील. ते अमेरिकेतलं झालं. आपल्याकडं औसा तालुक्यातलं लहान गाव, बाई, जन्म १९५८, आठवड्याला दोनदा डायलिसिस, एवढं वाचल्यावर त्या गावात कुणी नाव विचारील का?

मग करायचं काय, तर खोटा डेटा बनवा. बग पेशंटमध्ये नसतो हो, डेटाच्या आकारात असतो, म्हणजे तारीख रिकामी, डिस्काउंट बिलापेक्षा जास्त, आडनावाच्या आधी दोन स्पेस, असलं. तसे पन्नास पेशंट मनानं रचा, एजंटला वेगळ्या कंटेनरात, म्हणजे बाकीच्या फायली दिसणार नाहीत अशा बंद जागेत बसवा, आणि पासवर्डची फाईल आधी बाहेर काढा. गिटमधून, म्हणजे कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यातून ती डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये म्हणजे आधीच्या नोंदीत राहते हे लई जण विसरतात, म्हणून पासवर्डच बदलून टाका. सर ऐकत नसतील तर म्हणा डॉक्टरांना विचारून घेऊ, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्यावर, म्हणजे इथं दवाखान्यावर ठेवलीय. डॉक्टर हो म्हणणार नाहीत.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एम.टेक. करायलेय. प्रोजेक्टला फेडरेटेड लर्निंग घेतलंय, तीन दवाखान्यांचे एक्स-रे जागच्या जागी ठेवून एकच मॉडेल शिकवायचं. गाईड म्हणतात डेटा बाहेर जातच नाही म्हणजे प्रायव्हसीचा विषय संपला. खरंय का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अर्धं खरंय. गुगलच्या लोकांनी २०१७ च्या पेपरात ही पद्धत मांडली, मोबाईलच्या कीबोर्डसाठी वापरलीही. एक्स-रे जागेवर राहतो, त्यावरून शिकलेले आकडे तेवढे जातात. पण २०१९ मध्ये काही संशोधकांनी त्या आकड्यांवरून म्हणजे ग्रेडियंटवरूनच मूळ चित्र परत उभं करून दाखवलं! (सगळीकडं जमतं असं नाही, एका वेळी थोडीच चित्रं असली तर सोपं जातं.) म्हणून दोन गोष्टी जोडतात. एक सिक्युअर ॲग्रीगेशन, त्यात सर्व्हरला फक्त बेरीज दिसते, कुणाचा आकडा कुठला ते नाही. दुसरी डिफरन्शियल प्रायव्हसी, २००६ ची, म्हणजे मुद्दाम थोडी गडबड मिसळून एकट्या माणसाला लपवायचं, आणि हीच नीट समजून घ्या.

समजा शंभर शेतकऱ्यांना विचारायचंय, सावकाराकडून पैसे घेतलेत का. तोंडावर कोण सांगणार? मग प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं, छापा आला तर खरं सांगायचं, काटा आला तर परत उडवून छाप्याला हो आणि काट्याला नाही म्हणायचं. चाळीस जण हो म्हणाले तर त्यातले अंदाजे पंचवीस नाण्याचे, उरले पंधरा, आणि खरं बोलणारे होते पन्नास, म्हणजे साधारण ३० टक्के लोकांनी घेतलेत. गावाचा आकडा कळला, पण कुण्या एकाला धरून तू हो म्हणालास असं म्हणता येत नाही, तो म्हणेल नाण्यानं म्हणायला लावलं. असली युक्ती १९६५ मध्ये वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं आणली, नाण्याची ही त्याची सोपी आवृत्ती.

मॉडेल शिकवताना हेच होतं, प्रत्येक पेशंटचा परिणाम ठरावीक मापात कापायचा आणि वर गोंगाट, म्हणजे नाण्यासारखे आपोआप पडलेले आकडे मिसळायचे. गोंगाट फुकट मिळत नाही, अचूकता घसरते, आणि ज्या आजाराचे पेशंट थोडे तिथं जास्त घसरते. प्रोजेक्टमध्ये ही घसरण आजारानुसार मोजून दाखवा, नुसतं एकूण ९० टक्के आलं असं लिहून मोकळं होऊ नका.

प्रश्न : पोरगं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, आता एआयच कोड लिहायलंय म्हणतात. फी वाया गेली का?
— मोंढ्यातले एक व्यापारी, जालना

उत्तर : नाही गेली, पण काम बदललंय. एसडब्ल्यूई-बेंच नावाची परीक्षा आहे, गिटहब या कोड ठेवायच्या साईटवरच्या, पायथन भाषेतल्या १२ प्रोजेक्टमधले २,२९४ खरे बग. २०२३ मध्ये मॉडेलला त्यातले दोन टक्केही सुटले नव्हते, २०२५ मध्ये त्यातल्याच निवडक ५०० वर एजंट सत्तर टक्क्यांच्या पुढं गेले. फक्त ते प्रोजेक्ट सगळ्या जगाला उघडे आहेत, उत्तरं मॉडेलनं आधीच पाहिली असण्याची शंका राहतेच. तुमच्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई कुणाच्या नावावर कशी टाकायची हे त्यात कुठंच नाही. पोराला सुट्टीत गादीवर बसवा, पट्ट्या लिहू द्या, मग त्यालाच एजंटकडून त्याचं सॉफ्टवेअर करून घ्यायला सांगा, आणि चुका त्यालाच शोधू द्या.