विक्कीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

अरे नायजेरियात आहेस आणि यांकारी अभयारण्य बघितलं नाहीस? जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिलमधे जा, पावसात गवत इतकं वाढतं की हत्ती समोर असला तरी दिसायचा नाही, कोरड्या दिवसांत प्राणी गाजी नदीवर पाण्याला येतात. तिथला विक्कीचा झरा राहायच्या कँपला अगदी लागूनच आहे, कड्याच्या पायथ्यातून पाणी येतं, काचेसारखं स्वच्छ, खाली पांढरी वाळू आणि तापमान बाराही महिने साधारण ३१ अंश. म्हणजे आपल्या वज्रेश्वरीसारखं चटके देणारं नाही, गंधकाचा वासही नाही, नुसतं कोमट. पहाटे हवा गार असते तेव्हाच उतर, खरी मजा तेव्हा.

आता मेन गोष्ट, बबून माकडं! एकदा काठावर पिशवी ठेवून डुबकी मारली नि वर येईपर्यंत बिस्किटं गायब, साहेब झाडावर बसून खातायत 😄 खायचं काही बाहेर ठेवूच नकोस, खोलीचं दारही नीट लाव. सफारीला त्सेत्से माश्या चावतात, निळे-काळे कपडे टाळ. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आधीच सुरू कर. आणि निघण्याआधी बाउची शहराकडच्या रस्त्याची सेफ्टी काय आहे ते चेक कर, रात्रीचा प्रवास अजिबात नको.