वाचक विचारतात : अरुण कोलटकरांचा देव आणि त्यांचं राजकारण

प्रश्न : कवी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या खंडोबाच्या क्षेत्रावरच्या कवितासंग्रहावरून आमच्या वाचनगटात दोन तट पडले. कोलटकर नास्तिक की भाविक? (सातारा)

दोन्ही बाजूंना कवितेत पुरावे सापडतील, म्हणूनच हा वाद असा सुटायचा नाही. एका कवितेतला मकरंद सदरा काढून पूजेला आत जायला नकार देतो आणि बाहेर सिगारेट ओढत थांबतो. पुजारी बसची वाट बघत पुरणपोळीचा विचार करतो. ‘मनोहर’ला देऊळ वाटलं ते निघतं गोठा, आत टकमक बघणारं वासरू. एवढंच उचललं की कवी देवाची थट्टा करतो असं वाटतं. पण मारुतीच्या पडक्या देवळात कुत्री पिलं घेऊन राहते ती कविता काढा. तिथे कवी म्हणतो की ही जागा आता पूजेची राहिलेली नाही, पण देवाचं घर मात्र नक्की आहे. थट्टा करणारा हे लिहीत नाही.

आता म्हातारीची कविता. ती बाही धरते, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या टापेचं ठिकाण दाखवते म्हणते. पिच्छा सोडत नाही म्हणून तुम्ही वैतागून वळता आणि तिच्या डोळ्यांतून थेट आभाळ दिसतं, बंदुकीच्या गोळीनं पाडलेल्या भोकांतून दिसावं तसं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कातडीबाहेर पसरतात, डोंगरांना तडे जातात, मग देवळांना, आणि आभाळ कोसळतं. म्हातारी तेवढी शाबूत उभी. शेवटी तिच्या हातातली चिल्लर होऊन उरता ते तुम्ही. आमच्या मते सगळ्या ‘जेजुरी’ची किल्ली इथे आहे. बघायला गेलेला माणूसच इथे बघितला जातो.

वाचताना चूक होते ती सुट्या कविता वाचण्यात. एकूण ३१ कविता आहेत, बहुतेक लहान. बसपासून रेल्वे स्टेशनापर्यंत एका बैठकीत वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिलनं एवढंच टिपा की ‘मी’ कुठे येतो, ‘तुम्ही’ कुठे आणि कोणाचंच नाव नसलेला आवाज कुठे. मकरंदचं म्हणणं कवीच्या खात्यावर लिहिण्याची गल्लत मग होत नाही. ‘वीकेंडच्या पर्यटकाची नजर’ हा या पुस्तकावरचा जुना आक्षेपही याच खुणा समोर ठेवून तपासता येतो.

प्रश्न : त्यांनी राजकीय कविता लिहिलीच नाही, हे खरं का? (नागपूर)

नाही. घोषणा लिहिल्या नाहीत, एवढंच खरं. ‘सर्पसत्र’ ही दीर्घकविता घ्या. मराठीत ती ‘भिजकी वही’ या संग्रहात (२००३) आहे, इंग्रजी पुस्तक २००४ चं. आधार महाभारतातल्या आदिपर्वाचा : कृष्णार्जुनांच्या मदतीनं खांडववन जळतं, तक्षक नाग वाचतो, पुढे तो परीक्षिताला दंश करतो आणि परीक्षिताचा मुलगा जनमेजय सापांचा सगळा वंशच यज्ञात जाळायला निघतो. कोलटकर बोलायला लावतात जरत्कारूला. ती नागराज वासुकीची बहीण, म्हणजे जळणाऱ्यांपैकी एक, आणि ती आपल्या मुलाशी, आस्तिकाशी बोलते आहे. एका जमातीचा संहार पवित्र विधी म्हणून कसा उभा राहतो, मंत्र म्हणायला विद्वान कसे हजर होतात, हे आईच्या तोंडून येतं. ही कविता एखाद्या ठरावीक दंगलीला किंवा पक्षाला चिकटवू नका, तिचा आवाका लहान होतो. वाचण्याआधी आदिपर्वातल्याच आस्तिकपर्वाची कथा आणि खांडवदहन मराठी भाषांतरातून वाचून घ्या. तक्षकाची बायको मुलाला वाचवताना कशी मारली गेली ते माहीत नसेल, तर जरत्कारूच्या संतापाची धार लागत नाही.

प्रश्न : एवढं सगळं त्यांना सुचायचं कुठून? मी स्वतः कविता लिहिते. (मडगाव)

मुंबईत काळा घोडा चौकात ‘वेसाइड इन’ नावाचं हॉटेल होतं. वर्षानुवर्षं तिथल्या खिडकीतून ते समोरचा रस्त्यामधला तिकोना बघत राहिले : सकाळी येणारी इडलीवाली, भटकं कुत्रं, महापालिकेची झाडूवाली. कचऱ्याच्या ढकलगाडीत उतरून ती कचरा पायांनी तुडवते, आणि कवितेचं नाव ‘मीरा’! त्यांच्याकडे धर्म येतो तो असा, रस्त्यावरच्या कामातून. शिवाय त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, पखवाज शिकले. ‘चिरीमिरी’ या त्यांच्या मराठी संग्रहाच्या मागे बळवंतबुवा या भजनी माणसाकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं बोलणं आहे. ‘भिजकी वही’ या नावातही तुकोबा आहेत. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडूनही कोरड्या राहिल्या, आणि ही वही मात्र ग्रीक पुराणातली कॅसान्ड्रा, अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, व्हिएतनाम युद्धात होरपळलेली किम अशा बायकांच्या आसवांनी भिजलेली.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एकच जागा निवडा, मडगावचा मासळीबाजार म्हणा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तासभर बसा. पहिले दोन महिने ओळ लिहू नका. कोण काय उचलतं, कशात ठेवतं, कोणाला काय हाक मारतं, तेवढं टिपा. बहुतेकांचं बिघडतं ते इथे, तिसऱ्याच खेपेला उपमा लिहायला लागतात.

प्रश्न : ‘जेजुरी’ मराठीत वाचावी की इंग्रजीत? (ठाणे)

१९७६ चं इंग्रजी पुस्तक आधी. मराठी ‘जेजुरी’ कोलटकरांच्या निधनानंतर आली. ती भाषांतर म्हणून ओळीला ओळ लावत वाचू नका, वेगळं पुस्तक म्हणून वाचा.